सिगारच्या पेटीतली ओल कशी सांभाळाल?

मे महिना संपत आला की वाचकांच्या पत्रांत एक तक्रार हमखास असते: 'पेटीसोबत आलेल्या कागदावर लिहिल्याप्रमाणे स्पंजात पाणी घालतो, काटा ७० दाखवतो, तरी सिगारवर पांढरी बुरशी धरली.' त्याच सुमारास नागपूर-अकोल्याकडून बरोबर उलटी तक्रार येते. तिथे आठवड्याला पाणी घालूनही काटा ५५ च्या पुढे सरकत नाही आणि सिगारचं वरचं पान तडकतं.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ह्युमिडॉरसोबत, म्हणजे सिगारच्या पेटीसोबत, येणाऱ्या सूचना युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. तिथे हिवाळाभर घरं गरम ठेवतात, त्यामुळे घरातली हवा कोरडी ठणठणीत होते आणि पेटीचं मुख्य काम ओल पुरवणं हेच राहतं. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत वर्षातले चार महिने तिचं काम वेगळं असतं: बाहेरची ओल आत येऊ न देणं. विदर्भातल्या उन्हाळ्यात पुन्हा उलट. म्हणून तुम्हाला पहिली विनंती ही की पाण्याची बाटली बाजूला ठेवा. आधी आकडा ठरवा, मग ओल मोजणारं मीटर तपासा, मग पेटीची फट शोधा. पाणी सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. सिगारचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. हा लेख ज्यांच्याकडे सिगार आधीच आहेत त्यांच्यासाठी आहे, नव्याने सुरुवात करण्याचं आमंत्रण म्हणून नाही. घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर पेटीला कुलूप हवंच. तंबाखूचा छोटा तुकडा चघळला तरी त्यांना निकोटिनची विषबाधा होऊ शकते.

कोणता आकडा धरायचा?

'७० टक्के' हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. पण तो एकटा नसतो, त्याला तापमानाची जोड असते: ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे २१ अंश सेल्सिअस. आपल्याकडे एसी नसलेल्या खोलीत पारा २८ ते ३२ वर असतो. त्या उष्णतेत ७० टक्के ओल बुरशीला आणि किड्यांना फार मानवते.

'सापेक्ष' शब्दाचा अर्थ इथे कामाचा आहे. २० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ धरते, ३० अंशांची हवा सुमारे ३० ग्रॅम. काटा दोन्हीकडे ७० दाखवेल, पण गरम हवेतली वाफ जवळपास पावणेदोन पट असेल. म्हणून माझा सल्ला असा:

- खोलीत कायम एसी असेल, तापमान २१ ते २४ अंश: ६५ ते ६९ टक्के.
- एसी नाही, किंवा फक्त रात्री चालतो: ६२ ते ६५ टक्के.
- क्यूबन सिगार: बरेच जाणकार त्या ६२ ते ६५ वरच ठेवतात. आपल्या हवेलाही तेच सोयीचं पडतं.

दोन आकड्यांत अडकलात तर कमीचा धरा. थोडी सुकलेली सिगार परत आणता येते, आतपर्यंत बुरशी गेलेली नाही.

आणखी एक हिशेब ध्यानात असू द्या. २० लिटरच्या पेटीतल्या सगळ्या हवेत मिळून वाफ अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असते. बाकीची ओल असते लाकडात आणि तंबाखूत. झाकण उघडलं की काटा झपकन हलतो तो त्या अर्ध्या ग्रॅमपायी, तुमच्या सिगार त्या दोन मिनिटांत बदलत नाहीत. त्यामुळे उघडल्या-उघडल्या दिसलेल्या आकड्यावर काही करू नका. पेटी २४ तास बंद ठेवा आणि मग दिसेल तो आकडा खरा माना.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी

पेटीच्या झाकणात बसवलेलं गोल, पितळी कडेचं काट्याचं मीटर दिसायला देखणं असतं, पण त्यातली स्वस्त मीटरं दहा टक्क्यांनी चुकणं नवलाचं नाही. 'काटा ७० दाखवतो, तरी बुरशी' या तक्रारीचं उत्तर बरेचदा इथेच सापडतं, कारण आतमध्ये प्रत्यक्षात ८० असतं. छोटं डिजिटल मीटर घ्या आणि तेही तपासून घ्या. तपासणी घरच्या मिठाने होते:

1. बाटलीच्या झाकणात मीठ भरा. त्यात थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये, वर पाणी तरंगताही कामा नये.
2. ते झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत किंवा घट्ट बंद होणाऱ्या डब्यात शेजारी-शेजारी ठेवा. मीठ मीटरला लागू देऊ नका.
3. ऊन आणि पंखा यांपासून दूर २४ तास तसंच राहू द्या.
4. पिशवी न उघडता आकडा वाचा. तो ७५ असायला हवा.

मिठाच्या अशा लगद्यावरची बंदिस्त हवा आपल्या घरातल्या तापमानाला ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते, म्हणून ही कसोटी भरवशाची आहे. मीटरने ७१ दाखवलं तर यापुढे त्याच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवा. मीटरच्या पाठीवर '+४' लिहिलेली चिठ्ठी डकवून ठेवा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसालाही कळेल. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर, ही तपासणी पुन्हा करा.

मीटर ओल देणाऱ्या स्पंजाला चिकटून ठेवू नका. सिगारच्या रांगेत, पेटीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

मीटर नसेल तेव्हा बोटं आहेत. सिगार अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून कानाजवळ न्या आणि मधोमध हलकेच दाबा. पान कुरकुरलं तर ती सुकली आहे. दाब सोडल्यावर गोलाई आपसूक परत आली तर ओल नेमकी आहे. बोटांचा खळगा तसाच राहिला, किंवा पेटवायच्या टोकाकडची पानं फुगून बाहेर आली असली, तर पाणी जास्त झालं आहे. अशी सिगार नीट ओढली जात नाही आणि पुन्हा पुन्हा विझते.

फट शोधा

माझ्या मते आपल्या भागात ह्युमिडॉर बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण झाकणाची फट हेच आहे, आणि सगळ्यात कमी लक्षही याकडेच जातं. झाकण घट्ट बसत नसेल तर महागडा स्पंज, मीटर, ओल राखणाऱ्या पुड्या सगळं वाया. पेटी दिवसातून दोनदा उघडणं परवडतं, पण केसाएवढी फट चोवीस तास उघडी असते.

- कागदाची पट्टी: झाकणाच्या चारही बाजूंना आळीपाळीने पट्टी अडकवा आणि ओढा. जिथे ती अलगद निघून येते तिथे फट आहे.
- टॉर्च: मोबाइलचा टॉर्च लावून पेटीत ठेवा, झाकण लावा, खोलीत अंधार करा. उजेडाची रेघ दिसेल तिथे ओल ये-जा करते.
- काचेचं झाकण: काच जिथे लाकडात बसवलेली असते तिथली कड बहुतेक वेळा गळकी निघते. मत्स्यालयासाठी मिळणारं पारदर्शक सिलिकॉन आतून बारीक भरा. त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान काही दिवस, पेटी रिकामी आणि उघडी राहू द्या.

पेटीच दुरुस्तीच्या पलीकडे असेल तर हट्ट सोडा. रबराची कडा आणि चारही बाजूंना खटके असलेला, हवा न जाणारा चांगला प्लास्टिकचा डबा, त्यात सीडर लाकडाच्या दोन पट्ट्या आणि योग्य आकड्याची पुडी, एवढ्यावर पंचवीस सिगार मुंबईच्या पावसाळ्यातही उत्तम राहतात. सागरकिनारी राहणाऱ्या आणि नव्याने पेटी शोधणाऱ्या वाचकांना मी आधी डबाच सुचवतो. लाकडी पेटी देखणी असते, पण ती किनारपट्टीच्या हवेशी रोज झगडत असते. नवा डबा आधी धुऊन, दोन-तीन दिवस उघडा ठेवून प्लास्टिकचा वास घालवा.

ओल द्यायची कशाने?

*स्पंज किंवा फोम.* पेटीसोबत बहुधा हाच येतो. तो फक्त ओल देतो, काढून घेत नाही, म्हणून किनारपट्टीवर पावसाळ्यात तो पेटीतून सरळ बाहेर काढा. कोरड्या भागात वापरायचा असेल तर डिस्टिल्ड पाणीच घाला. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार फोमची छिद्रं बुजवतात, आणि त्या पाण्यातून बुरशीचे बीजाणूही आत येतात. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं क्षारविरहित पाणी चालतं, मात्र बाटलीवरचं लेबल नीट वाचा. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळलं तर फोम साधारण ७० टक्क्यांजवळ थांबतो. वर सांगितल्याप्रमाणे एसी नसलेल्या घरासाठी हा आकडा जास्तच आहे.

*दुहेरी काम करणाऱ्या पुड्या.* बोवेडा ही यातली सर्वांत परिचित. आत क्षाराचं दाट द्रावण आणि बाहेर फक्त वाफ जाऊ देणारं आवरण, त्यामुळे कमी पडली तर ओल देते, जास्त झाली तर शोषते. ६२, ६५, ६९, ७२ अशा आकड्यांच्या पुड्या मिळतात. प्रमाण लक्षात ठेवा: पेटीची क्षमता जितकी, त्यातल्या दर २५ सिगारमागे ६० ग्रॅमची एक पुडी. पेटीत दहाच सिगार असल्या तरी हिशेब क्षमतेचा धरायचा, कारण लाकूडही ओल पितं. पुडी कडक, खड्यांसारखी लागली की बदला. पावसाळ्यात ती उलट फुगून मऊ होत गेली तर पुडीला दोष देऊ नका, बाहेरची ओल फटीतून आत येते आहे.

*ठरावीक आकड्याचे सिलिका मणी.* हेही दोन्ही बाजूंनी काम करतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. मात्र औषधाच्या बाटलीत किंवा कॅमेऱ्याच्या बॅगेत मिळणारी साधी सिलिका जेल यांच्या जागी ठेवू नका. ती ओल ओढतच राहते आणि सिगार वाळवून टाकते.

तुमच्याकडे सध्या काहीच नसेल आणि एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ६५ ची पुडी घ्या.

नवी लाकडी पेटी मुरवताना

ह्युमिडॉरच्या आतलं स्पॅनिश सीडर, म्हणजे सेड्रेला ओडोराटा, खरं तर महोगनीच्या कुळातलं झाड आहे. कोरडी पेटी तशीच भरली तर हे लाकूड तुमच्या सिगारमधली ओल खेचून घेतं, म्हणून आधी पेटी मुरवावी लागते. ८४ टक्क्यांच्या पुड्या ठेवून पेटी १४ दिवस बंद ठेवणं हा सोपा मार्ग. किंवा वाटीत डिस्टिल्ड पाणी ठेवा आणि मीटर ७० च्या आसपास दोन-तीन दिवस टिकेपर्यंत थांबा. ओल्या फडक्याने लाकूड पुसण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी तो देणार नाही, कारण पातळ फळी त्याने वाकते आणि मग झाकण बसत नाही.

पेटी जुलैत मुंबईला घेतली असेल तर मात्र हे काही करू नका. ती दुकानातच पुरेशी ओल पिऊन बसलेली असते. रिकाम्या पेटीत ६५ च्या पुड्या ठेवा आणि आकडा खाली येऊन ठरेपर्यंत वाट पाहा.

घराजवळच्या सुताराकडून पेटी करून घेणारे वाचक 'सीडर म्हणजे देवदारच ना?' असं विचारतात. देवदार वापरू नका. त्यात राळ आणि उग्र तेल असतं आणि तो वास सिगारमध्ये उतरतो. चंदन, पाइन, ताजं पॉलिश केलेलं सागवान यांचंही तेच. आपल्याकडचा तून हा स्पॅनिश सीडरचा जवळचा नातेवाईक, पण तोही पूर्ण सुकलेला आणि आतून बिनपॉलिशचा हवा. आतल्या बाजूला व्हार्निश किंवा फेव्हिकॉलचे डाग राहू देऊ नका.

पेटी कुठे ठेवता यालाही तितकंच महत्त्व आहे. डांबरगोळ्या किंवा कापराच्या वड्या असलेलं कपडे-पुस्तकांचं कपाट, देवघराशेजारचं फडताळ, मसाल्यांचा कट्टा, फ्रिजच्या वरची गरम जागा, पश्चिमेची भिंत हे सगळं टाळा. चॉकलेट किंवा व्हॅनिला घातलेल्या सिगार बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा.

तुमच्या गावाची हवा

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा. जून ते सप्टेंबर ६२ किंवा ६५ च्या पुड्या, स्पंज बाहेर. खोलीत एसी असेल तर तो चालू असतानाच पेटी उघडा, तेव्हा खोलीतली हवा कोरडी असते. डिसेंबर-जानेवारीतही इथे फारसं पाणी लागत नाही.

पुणे, नाशिक, कोल्हापूर. पावसाळ्यात मुंबईसारखंच, मार्च-एप्रिलच्या दुपारी मात्र हवा एकदम रुक्ष होते. पुड्या या दिवसांत लवकर कडक होतात, दर महिन्याला हात लावून पाहा.

विदर्भ, मराठवाडा. उन्हाळ्यात ओल आणि तापमान दोन्हींशी लढाई असते. डेझर्ट कूलर असलेल्या खोलीत पेटी ठेवण्याचा मोह होतो, पण कूलर बंद-चालू झाला की खोलीतली हवा टोकाटोकाला जाते. घरातली आतली, बिनखिडकीची, सर्वांत थंड भिंत निवडा. थर्मोइलेक्ट्रिक पद्धतीचा छोटा वाइन कूलर वापरणारे वाचकही आहेत. तो बाहेरच्यापेक्षा ठरावीक अंशच खाली उतरतो, त्यामुळे ४४ अंशांच्या खोलीत त्याच्याकडून २० ची अपेक्षा धरू नका. साधा घरगुती फ्रिज तर नकोच. तो हवा कोरडी करतो, वर भाजी-लसणाचा वास.

न्यू जर्सी, टोरांटो आणि तिकडे राहणारे वाचक. तुमच्यासाठी मूळ सूचनाच योग्य आहेत. हिवाळ्यात हीटर सुरू झाला की ६९ ची पुडी घ्या, संख्याही थोडी वाढवा.

बुरशी आणि भुंगेरे

पानावर पांढरे, हिरवट किंवा निळसर, लव आलेले ठिपके दिसले तर ती बुरशी. सगळ्या सिगार बाहेर काढा, घराबाहेर मऊ कोरड्या कापडाने अलगद पुसा आणि वेगळ्या डब्यात ६२ च्या पुडीसोबत ठेवा. पेटवायच्या टोकाला, आतल्या पानांत बुरशी दिसली तर ती सिगार टाकून द्या. पेटीचं आतलं लाकूड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि पंख्याखाली दोन दिवस उघडं ठेवा. उन्हात नको, फळी वाकेल.

पानाला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक आणि खाली तपकिरी भुगा दिसला तर तो तंबाखूचा भुंगेरा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. दोन-तीन मिलिमीटरचा, लालसर तपकिरी. स्वयंपाकघरातल्या हळदीला, धण्यांना, मिरचीला लागतो तोच हा, म्हणून सिगार मसाल्यांपासून लांब ठेवायच्या. अंडी पानातच असतात आणि उष्णता वाढली की फुटतात. उपाय थंडीचा आहे:

1. संपूर्ण साठा, फक्त भोक पडलेल्या सिगार नव्हेत, दुहेरी झिपच्या पिशवीत भरा आणि हवा दाबून काढा.
2. एक दिवस फ्रिजच्या खालच्या भागात.
3. तीन दिवस फ्रीजरमध्ये, उणे १८ अंश किंवा त्याखाली.
4. पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, मग पिशवी न उघडता खोलीत. पिशवीवरचं दव पूर्ण सुकल्यावरच उघडा.

फ्रिजची पायरी गाळलीत तर पान तडकतं. पेटी व्हॅक्यूमने झाडून घ्या, पण कीटकनाशक चुकूनही मारू नका.

सुकलेल्या सिगार परत आणताना

घाई केलीत तर नुकसान ठरलेलं. कोरडी सिगार एकदम ७० वर ठेवली तर आतली पानं फुगतात आणि वरचं पातळ पान फाटतं. आधी ६२ च्या पुडीसोबत बंद डब्यात दोन-तीन आठवडे, मग ६५. पूर्ण सावरायला दोन-तीन महिनेही लागतात, आणि उडून गेलेली सुगंधी तेलं काही परत येत नाहीत. सिगारवरचं सेलोफेन काढायची गरज नाही, त्यातून वाफ जाते.

विकत घेताना तुमचे हक्क

- भारतात कायदेशीर मार्गाने आलेल्या सिगारच्या पाकिटावर चित्रासह आरोग्यविषयक इशारा, कमाल किरकोळ किंमत, मूळ देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता असायलाच हवा. यातलं काही नसेल तर माल चोरट्या आयातीचा किंवा नकली असू शकतो. तो वाटेत कसा ठेवला होता हेही कोणी सांगू शकणार नाही.
- दुकानदाराकडे ह्युमिडॉर असेल तर आतलं मीटर दाखवायला सांगा. ७५ च्या वर असेल तर त्या दिवशी खरेदी करू नका.
- परदेशातून येताना सामानात जास्तीत जास्त २५ सिगार शुल्कमुक्त सवलतीत बसतात. त्यापुढच्या सिगार जाहीर करून शुल्क भरा. विमानाच्या केबिनमधली हवा फार कोरडी असते, म्हणून बंद डब्यातूनच आणा.
- ऑनलाइन मागवलेली पेटी, मीटर किंवा सिगार सदोष निघाल्या तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि मिठाच्या तपासणीचा फोटो हे तुमचे पुरावे. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.
- तरीही दाद लागली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचं शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पक्कं बिल मात्र लागेल, म्हणून 'बिल नको, थोडं कमी करतो' म्हणणाऱ्या दुकानदाराला तिथेच नकार द्या.